मॅनिफोल्डला काडी लावण्याआधी

उसाचा गाळप हंगाम सुरू झाला की शहादा-तळोदा पट्ट्यातल्या ट्रॅक्टरांना विसावा नसतो. दोन-दोन ट्रॉल्या ओढायच्या, कारखान्याच्या रांगेत रात्र काढायची, रिकामं होऊन परत फडात जायचं. अशात एखाद्या सकाळी इंजिनाच्या बाजूने ‘फट् फट्’ आवाज येऊ लागतो, आणि सायलेन्सरच्या तोंडातून निघायचा धूर बॉनेटखालूनच निघतो. हेड आणि सायलेन्सर यांच्यामधल्या जाड ओतीव भागाला, म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, तडा गेलेला असतो. चांदसैलीचा किंवा देवगोईचा घाट रोज चढणाऱ्या जीपगाड्यांचंही हेच दुखणं. मालकाला घाई असते. तो म्हणतो, ‘दोन टाके मारून द्या.’ वेल्डिंगवाला होल्डरमध्ये आधीच अडकवलेली काडी लावतो. टाका दिसायला झकास येतो, गाडी निघते, आणि एक-दोन खेपांतच त्या टाक्याच्या अगदी कडेने नवा तडा धावतो.

हात वाईट म्हणून हे होत नाही. ज्या हाताने ट्रॉलीची चासी वर्षानुवर्षं टिकेल अशी जोडली, त्याच हाताचा मॅनिफोल्ड आठवड्यात उलटतो, कारण चासी साध्या लोखंडाची असते आणि मॅनिफोल्ड बहुधा बिडाचा. दोघांना एकच काडी चालत नाही. म्हणून आधी धातू ओळखा, मग दुकानात जा. ओळखायला दहा मिनिटं पुरतात, आणि लागणारं सगळं सामान प्रत्येक गॅरेजमध्ये असतंच.

धातू कसा ओळखायचा

पहिली तपासणी डोळ्यांची. तारेच्या ब्रशने गंज आणि काजळी काढा. अंगावर वाळूसारखा खरखरीतपणा, साच्याचे दोन भाग जुळतात तिथली उभी रेघ आणि उठावाचे आकडे-अक्षरं दिसली, तर तो ओतीव भाग आहे. पाइप वाकवून प्लेटच्या फ्लँजला जोडलेला असेल तर ते बांधीव काम. तिथे बीड असण्याची शक्यता नाही. ओतीव भागावरचे आकडे नीट वाचा. ‘एफजी २००’ किंवा ‘एफजी २६०’ म्हणजे करडं बीड. ‘एसजी ५००/७’ असं काही असेल तर तो एसजी आयर्न. त्यातला शेवटचा ७ महत्त्वाचा: तुटण्याआधी हा धातू ७ टक्के ताणला जातो. करड्या बिडाच्या खुणेत असा आकडाच नसतो, कारण ते ताणलं जात नाही, सरळ तुटतं.

हा फरक आला कुठून? बिडात साधारण अडीच ते चार टक्के कार्बन असतो. करड्या बिडात तो ग्राफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो, आणि प्रत्येक पापुद्रा म्हणजे आतली एक तयार चीर. १९४३ मध्ये अमेरिकेत कीथ मिलिस या धातुशास्त्रज्ञाने वितळलेल्या बिडात थोडं मॅग्नेशियम घातलं, तेव्हा पापुद्र्यांऐवजी ग्राफाइटच्या गोळ्या तयार झाल्या. तो हा एसजी. आज कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव भागातल्या फौंड्र्या दोन्ही प्रकारचे ओतीव भाग वाहनांसाठी बनवतात. तुमच्या हातातला मॅनिफोल्ड साध्या, टर्बो नसलेल्या जुन्या इंजिनाचा असेल तर बहुधा करडं बीड. टर्बो असेल तर एसजीची शक्यता जास्त, कारण तिथे उष्णताही जास्त आणि टर्बोचं वजनही त्याच भागावर.

आकडे झिजलेले असतील तर कानस घ्या. फ्लँजच्या कडेला, जिथे गास्केट बसत नाही अशा जागी, चार हात मारा आणि चुरा पांढऱ्या कागदावर पाडा. बिडाचा चुरा काळसर भुकटीसारखा येतो आणि बोटाला पेन्सिलीचं शिसं लागावं तसा लागतो, ते ग्राफाइट. पोलादाचा, म्हणजे साध्या लोखंडाचा, चुरा चमकतो, बोटाला काळं करत नाही. छिन्नीनेही तेच कळतं. करड्या बिडाचा तुकडा टचकन तुटून उडतो, पोलादाची चकती वळत वळत निघते, आणि एसजी या दोघांच्या मधला. ड्रिल मारायला जागा असेल तर बिडाचा भुगा पडतो आणि पोलादाची गुंडाळी निघते.

मग ग्राइंडर. सावलीत उभे राहा, उन्हात ठिणग्यांचा रंग कळत नाही. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, पांढऱ्या-पिवळ्या, टोकाला मोजके फाटे फुटलेल्या. करड्या बिडाची धार आखूड, चाकाजवळ मंद लाल, पुढे गवती पिवळी होत बारीक बारीक फाटे फोडून विझणारी. स्टेनलेसच्या ठिणग्या नारिंगी, आखूड, जवळजवळ बिनफाट्यांच्या. पण हे वर्णन वाचून पाठ करण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा गॅरेजच्या एका खिळ्याला तीन नमुने टांगून ठेवा: बांधकामाच्या सळईचा तुकडा, फुटक्या ब्रेक ड्रमचा तुकडा आणि स्टेनलेस पाइपचा तुकडा. ब्रेक ड्रम सहसा करड्या बिडाचाच असतो. संशयातल्या धातूच्या ठिणग्या पाहायच्या, लगेच नमुन्यांच्या पाहायच्या, आणि कुणाशी जुळतात ते ठरवायचं. पुस्तकातल्या रंगीत चित्रांपेक्षा हे तीन तुकडे भरवशाचे.

लोहचुंबकावर मात्र फार विसंबू नका. बीड, एसजी, साधं लोखंड या सगळ्यांना तो चिकटतो. चिकटलाच नाही तर ३०४ जातीचं स्टेनलेस समजायला हरकत नाही. पण सायलेन्सरच्या पाइपांत वापरलं जाणारं ४०९ हेही स्टेनलेसच, आणि त्याला चुंबक चिकटतो! चुंबक चिकटला म्हणून ‘साधा पाइप’ ठरवून ६०१३ या साध्या काडीने जोडलेले ४०९ चे पाइप टाक्याजवळ लवकर गंजतात.

उरला करड्या बिडाचा आणि एसजीचा फरक. ठिणग्यांवरून तो सहज कळत नाही. भाग दोरीला टांगा आणि हातोडीने हलकेच ठोका. एसजी घंटेसारखा वाजतो, करडं बीड ‘थड्’ असं बसकं. मात्र तडकलेला एसजीही बसकाच वाजतो, त्यामुळे घंटेसारखा आवाज आला तर खात्री धरा, नाही आला तर छिन्नीकडे परत जा. तरीही शंका उरली तर करडं बीड समजूनच काम करा. एसजीला ती काळजी बाधत नाही.

मग काडी कोणती

६०१३ ही आपल्याकडे घराघरात पोचलेली काडी. गेट, ट्रॉली, नांगराचा फाळ, सगळीकडे चालते आणि चांगली चालते. बिडावर मात्र ती घात करते. वितळलेल्या थेंबात बिडातला कार्बन ओढला जातो आणि टाका काचेसारखा कडक होतो. शेजारचं बीड झपाट्याने थंड होऊन पांढरं बीड बनतं, ज्यात ड्रिलसुद्धा शिरत नाही. टाका थंड होताना आकसतो, आणि ताण सहन करण्याची ताकद तर दोन्हीकडे नाही. काम उरकून मागे वळावं आणि पाठीमागून ‘टिक्’ असा बारीक आवाज यावा, हा अनुभव या धंद्यातल्या प्रत्येकाने घेतलेला आहे. ७०१८ ताकदवान असली तरी बिडावर तिची गत तीच.

बिडाला निकेलची काडी लागते. निकेल कार्बन विरघळवून घेतं पण त्याने कडक होत नाही, आणि मऊ असल्यामुळे थंड होताना स्वतः ताणलं जातं, बिडाला ओढत नाही. दुकानात दोन जाती मिळतात. पॅकेटवर ‘ईएनआय-सीआय’ असा शिक्का असेल तर ती जवळजवळ शुद्ध निकेलची, कारागीर तिला ‘निकेल ९९’ म्हणतात. ‘ईएनआयएफई-सीआय’ म्हणजे निम्मं निकेल, निम्मं लोखंड, ती ‘५५’. शुद्ध निकेलचा टाका मऊ असतो, कानशीने घासता येतो, म्हणून पातळ भिंत किंवा नंतर फेस मारायचा असलेला फ्लँज यांना ती बरी. ५५ ची जास्त ताकदवान, जाड भागाला, एसजीला आणि बिडाला लोखंडी पाइप जोडायला योग्य. तिचं उष्णतेने वाढणंही बिडाच्या जवळपास असतं. मॅनिफोल्डसाठी एकच काडी निवडायची असेल तर माझं मत ५५ ला.

हे वाढणं किती, याचा हिशेब एकदा करून पाहा. बीड दर अंशाला लांबीच्या दहा लाखांत ११ भाग वाढतं. ६० सेंटीमीटरचा मॅनिफोल्ड ५०० अंशांनी तापला की साधारण सव्वातीन मिलिमीटरने लांबतो. ३०४ स्टेनलेसचा आकडा १७ आहे, म्हणजे तेवढ्याच लांबीत पाच मिलिमीटरच्या वर. म्हणून ३०९ किंवा ३१२ ची स्टेनलेस काडी बिडाला चिकटते खरी, आणि थंडगार नळाच्या तुकड्यावर ती टिकेलही. पण दिवसातून दहा वेळा तापून निवणाऱ्या मॅनिफोल्डवर टाका आणि बीड वेगवेगळे वाढतात-आकसतात आणि सांध्यापासून सोलून निघतात.

पितळी काडीने गॅसवर जोडणारे जुने मिस्त्री अजून आहेत. पंपाच्या बॉडीला, पंख्याच्या पायाला ती पद्धत उत्तम. मॅनिफोल्डला नको, लोडवर भाग इतका तापतो की पितळाची ताकद तिथे निम्मीही राहत नाही. गॅसवर करायचंच असेल तर बिडाचीच काडी आणि तिचं फ्लक्स वापरा, पण मग पूर्ण भाग भट्टीत तापवण्याची तयारी हवी.

बांधीव मॅनिफोल्ड असेल तर विषय सोपा. साध्या लोखंडी पाइपला अडीच मिलिमीटरची ६०१३. जाड फ्लँजला ७०१८, पण ती आधी ३०० ते ३५० अंशांवर तासभर भाजून कोरडी केलेली. ३०४ ला ३०८एल, आणि ४०९ ला किंवा स्टेनलेस-लोखंडाच्या सांध्याला ३०९एल. पाइपवर जस्ताचा मुलामा असेल तर टाक्याच्या दोन्ही बाजूंनी तो घासून काढा. जस्ताच्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो.

निकेलची काडी महाग असते, म्हणून अनेक दुकानदार ती नगावर देतात. सुटी काडी घेताना पॅकेट पाहायला मागा आणि त्यावरचा करंट, एसी चालते की डीसी, हे टिपून घ्या. लेप निघालेली किंवा ओल धरलेली काडी पावसाळ्यात हमखास हाती येते. तिने टाक्यात भोकं पडतात.

काम कसं करायचं

भाग गाडीवर ठेवून टाके मारू नका. डिझेलच्या नळ्या शेजारी असतात, तड्याचं टोक दिसत नाही, आणि टर्बो असेल तर उडालेला एक दाणा त्याची पाती खाऊन टाकतो. उतरवताना गंजलेले स्टड तुटतात, त्याची तयारी ठेवा. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडा. तुटलाच तर खुंटावर नट ठेवून आतून ६०१३ ने भरा. त्या उष्णतेने स्टड सैल होतो आणि नट लालसर असतानाच हलक्या हाताने मागेपुढे करत निघतो.

तडा जितका दिसतो तितकाच नसतो. भागावर डिझेल लावा, दहा मिनिटांनी कोरडं पुसा, खडूची भुकटी फासा. आत शिरलेलं डिझेल परत झिरपून खडूवर ओली रेघ उमटवतं आणि तड्याचं खरं टोक कळतं. त्या टोकाच्या किंचित पुढे तीन-चार मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे तडा पुढे धावत नाही. मग तड्यावर ६० ते ७० अंशांचा व्ही पाडा, शक्यतो कार्बाइडच्या बरने. ग्राइंडरचं चाक ग्राफाइट पसरवून पृष्ठभाग माखून टाकतं. आधीच्या कुणाच्या ६०१३ चे टाके असतील तर ते मुळासकट काढा, त्यांच्यावर निकेल चढवून काही साधत नाही. साफसफाईला ब्रेक क्लीनर वापरू नका. क्लोरीनवाला असेल तर आर्कच्या उष्णतेने त्यातून विषारी वायू तयार होतो.

वर्षानुवर्षं धूर प्यायलेलं बीड आतपर्यंत तेल आणि काजळीने मुरलेलं असतं. गॅसच्या मंद ज्योतीने व्हीच्या दोन्ही बाजू धूर निघायचा थांबेपर्यंत तापवा, ब्रश मारा. तरीही पहिला टाका काही वेळा गोळा होऊन बसतो, पसरत नाही. तो घासून काढा आणि दुसरा मारा. पहिला टाका मळ ओढून घेतो. दोन-तीनदा करूनही गोळेच होत असतील तर बीड जळून गेलंय. तिथे वेळ घालवू नका, नवा किंवा जुन्या बाजारातला चांगला मॅनिफोल्ड शोधा. फ्लँज आरपार दोन ठिकाणी फुटला असेल किंवा भिंत पत्र्याइतकी पातळ झाली असेल, तरी तेच.

वेल्डिंगच्या दोन रीती आहेत, गरम आणि थंड, आणि दोन्हींची सरमिसळ करू नये. गरम रीतीत पूर्ण भाग लोहाराच्या भट्टीत किंवा कोळशावर अंधारात मंद लाल दिसेल इतका तापवायचा, तापलेला असतानाच जोडायचा आणि कोरड्या राखेच्या किंवा चुन्याच्या ढिगात रात्रभर पुरायचा. नुसती तड्याजवळची जागा लाल करून भाग उघड्या वाऱ्यावर ठेवणं सर्वांत वाईट.

बहुतेक गॅरेजांना थंड रीतच सोयीची. भाग जाड प्लेटला किंवा भंगारातल्या जुन्या हेडला बोल्टने आवळा, म्हणजे वाकणार नाही. अडीच मिलिमीटरच्या काडीला ६० ते ८० अँपिअर पुरतात. आर्क आखूड ठेवा, काडी हेलकावू नका, सरळ रेघेत फक्त इंचभर टाका मारा. थांबा. टाका लाल विझता विझता बॉलपीन हातोडीच्या गोल डोक्याने त्याच्यावर भराभर हलके ठोके द्या, पृष्ठभागावर खळ्या उमटतील इतकेच. या ठोक्यांनी टाका पसरतो आणि आकसण्याचा ताण मोडतो. मग हात ठेवा. हात टेकवून धरता येईल इतकं निवल्याशिवाय पुढचा टाका नाही, आणि तोही शेजारी नाही तर तड्याच्या दुसऱ्या टोकाला. सहा इंचांच्या तड्याला अर्धा दिवस जातो. मालक घड्याळ बघत उभा असेल तर त्याला चहाला पाठवा. पाणी ओतून लवकर निववायचा मोह तर नकोच.

काम चालू असताना दार-खिडक्या उघड्या हव्यात आणि वारा पाठीमागून यायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर कर्करोगजनक ठरवला, आणि निकेलच्या काडीचा धूर साध्या काडीपेक्षा वाईट. रुमाल बांधून तो अडत नाही, वेल्डिंगचा धूर गाळणारा मास्क लागतो.

परत बसवण्याआधी फ्लँजवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज घाला. फट दिसली तर फेस मारून घ्या, जाड गास्केटने ती लपवू नका. नट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला आवळत या. आणि तडा का गेला तेही पाहा. ट्रॅक्टरचा उभा सायलेन्सर आधाराशिवाय डुलत असेल, जीपच्या सायलेन्सरचा ब्रॅकेट तुटलेला असेल, एखादा स्टड गायब असेल किंवा तापलेली गाडी थेट नाल्याच्या पाण्यात घातली असेल, तर कितीही महागडी काडी वापरली तरी तडा शेजारच्या जागी परत येईल. जीप असेल तर घाई आणखी परवडत नाही, कारण गळणारा धूर केबिनमध्ये शिरतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गाडी दोन-तीनदा तापून निवली की थंड असताना नट पुन्हा एकदा आवळा. त्यानंतर थंड इंजिन सुरू करून लगेच, मॅनिफोल्ड तापायच्या आत, एकाने जाड ओल्या फडक्याने सायलेन्सरचं तोंड क्षणभर दाबून धरावं आणि दुसऱ्याने टाक्याजवळ कान द्यावा. कुठे फुसफुस असेल तर तेव्हाच ऐकू येते.